जागा मोकळी, मजकूर तसाच

जुन्या होम कॉम्प्युटरवरची एखादी फाइल चुकून दुसऱ्या फाइलखाली गेली असं कुणी कळवलं, की माझं पहिलं सांगणं ठरलेलं असतं. फ्लॉपी बाहेर काढ आणि तिच्या खाचेवर चिकटपट्टी लाव. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला छोटी चौकोनी खाच असते. ती उघडी असली की ड्राइव्ह तिच्यावर लिहितो, झाकली की लिहीत नाही. साडेतीन इंची फ्लॉपीचं नेमकं उलट, तिथे खिडकी उघडी म्हणजे लिहिणं बंद. कॅसेट असेल तर मागच्या कडेचा प्लॅस्टिकचा टॅब तोडायचा. हे न करता लोक आधी ‘एकदा बघू तरी’ म्हणून दोन-चार गोष्टी करून बघतात. बहुतेक फायली मूळ चुकीनं जात नाहीत, त्या या बघण्यात जातात.

पुसायला वेळ लागतो, आणि १९८० च्या दशकातल्या या यंत्रांकडे वेळ नव्हता. मेमरीही नव्हती. कमोडोर ६४ मध्ये ६४ केबी रॅम, आणि त्याच्या १५४१ या डिस्क ड्राइव्हमध्ये, ज्याला स्वतःचा प्रोसेसर होता, फक्त २ केबी. एवढ्यात संसार करायचा तर फाइल पुसणं म्हणजे तिचा प्रत्येक बाइट शून्य करणं परवडणारच नाही. म्हणून यंत्रं यादीतली एखादी खूण बदलायची आणि जागा मोकळी झाली असं जाहीर करायची. मजकूर तसाच पडून राहायचा, दुसरं कुणी तिथे राहायला येईपर्यंत. हा काटकसरीचा निर्णय होता, दयेचा नव्हे. पण चाळीस वर्षांनी तीच काटकसर आपल्या कामी येते.

मशीन चालू असताना मेमरीतला प्रोग्रॅम गेला असेल तर मात्र मशीन बंद करायचं नाही, आणि काही टाइपही करायचं नाही. कमोडोर ६४ वर ‘न्यू’ ही कमांड दिली की प्रोग्रॅम दिसेनासा होतो. प्रत्यक्षात काय होतं? बेसिक या भाषेतला प्रोग्रॅम मेमरीत २०४९ या पत्त्यापासून सुरू होतो. प्रत्येक ओळीचे पहिले दोन बाइट म्हणजे पुढच्या ओळीचा पत्ता. तिथे दोन्ही शून्य असले की प्रोग्रॅम संपला. ‘न्यू’ फक्त पहिल्या ओळीच्या त्या दोन जागी शून्य लिहितं आणि प्रोग्रॅम कुठे संपतो हे सांगणाऱ्या नोंदी मागे ओढतं. बाकी सगळ्या ओळी जागच्या जागी असतात. म्हणून २०५० मध्ये शून्याऐवजी १ पोक करायचं, म्हणजे थेट मेमरीत लिहायचं, आणि ४२२९१ ला सिस द्यायचं, म्हणजे त्या पत्त्यावरचा कोड चालवायचा. रॉममधला, म्हणजे यंत्रातल्या कायमच्या मेमरीतला, तो तुकडा प्रोग्रॅमच्या सुरुवातीपासून पुढे चालत जातो आणि प्रत्येक ओळीचा पत्ता नव्यानं मोजून भरतो. मग ३४ आणि ३५ मधल्या पत्त्यात दोन मिळवून तो ४५ आणि ४६ मध्ये भरला आणि ‘क्लिअर’ दिलं की लिस्ट पुन्हा पडद्यावर येते. पण त्याआधी कुणी नुसतं ए=१ जरी टाइप केलं, तरी तो चल प्रोग्रॅमच्या शेपटीला लागून साठवला जातो. ‘न्यू’ नंतर ती शेपटी अगदी सुरुवातीला आलेली असते, त्यामुळे खऱ्या प्रोग्रॅमचे सात बाइट तिथल्या तिथे जातात.

बीबीसी मायक्रो बनवणाऱ्यांनी ही गरज आधीच ओळखली होती. त्यांच्या बेसिकमध्ये ‘ओल्ड’ नावाची कमांडच आहे: ‘न्यू’ दिलं, चुकलं, ‘ओल्ड’ द्या. मला ही कमांड फार आवडते. माणसाचा हात घसरणार हे गृहीत धरून कुणीतरी रॉममधली मोजकी जागा त्यासाठी राखली. झेडएक्स स्पेक्ट्रमचं धोरण याच्या दुसऱ्या टोकाला. त्याचं ‘न्यू’ रॅमटॉपपर्यंतची, म्हणजे बेसिकला दिलेल्या शेवटच्या पत्त्यापर्यंतची, मेमरी खरोखरच साफ करतं. तिथे शोधायला काही उरत नाही, आणि ते लवकर मान्य करणं बरं.

डिस्कची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आणि, माझ्या दृष्टीनं, जास्त सुंदर आहे. ती एका खऱ्या डिस्कवरून सांगतो.

माझ्या एका मित्राच्या वडिलांनी कमोडोर ६४ वर चंद्राच्या कला काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता. तारीख द्यायची, की त्या रात्रीचा चंद्र पडद्यावर उमटायचा. काका आता नाहीत. मशीन, ड्राइव्ह आणि डिस्का मित्रानं जपून ठेवल्या होत्या. सुटीत आलेल्या भाच्यानं मशीन जोडलं, दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि डिरेक्टरीत दिसलेल्या नावानंच तो सेव्ह करायला गेला. ड्राइव्हचा दिवा लुकलुकला, कारण त्या नावाची फाइल आहे म्हणून ड्राइव्ह नकार देतो. ६३ क्रमांकाची चूक. मुलगा हुशार. त्यानं मॅन्युअल चाळलं, नावाआधी ‘ॲट’चं चिन्ह टाकलं की जुन्या फाइलवर नवी बसते हे शोधून काढलं आणि तसं केलं. मग आणखी एकदोन छोटे प्रोग्रॅम वेगळ्या नावांनी सेव्ह केले. मित्रानं फोन केला तेव्हा त्याचा आवाज ऐकूनच मी आधी चिकटपट्टीचं बोललो.

या ‘ॲट’च्या चिन्हाला स्वतःचा इतिहास आहे. त्यानं डिस्क बिघडते असं १५४१ वापरणारे अनेक जण सांगत. काहींना तो बिघाड वारंवार दिसे, काहींना कधीच नाही, त्यामुळे असा दोष खरंच आहे का यावर वर्षानुवर्षं वाद झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यात तो हुकमी घडवून दाखवता आला आणि वाद मिटला. तोवर जाणकारांचा सल्ला एकच असे: आधी जुनी फाइल स्क्रॅच करा, म्हणजे पुसा, मग नवी सेव्ह करा. सल्ला योग्यच होता. पण फाइल परत मिळवण्याच्या दृष्टीनं पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. आधी स्क्रॅच केलं की जुन्या फाइलची जागा लगेच मोकळी होते, आणि नवी फाइल बहुतेक वेळा नेमकी तिथेच जाऊन बसते. ‘ॲट’ वापरलं तर ड्राइव्ह आधी नवी फाइल दुसऱ्या मोकळ्या जागेत पूर्ण लिहितो, नंतर डिरेक्टरीतला पत्ता बदलतो आणि मगच जुन्या फाइलची जागा मोकळी करतो. म्हणजे ज्या कमांडला सगळे घाबरत, तिनंच काकांच्या प्रोग्रॅमला त्या क्षणी हात लावला नव्हता. धोका होता तो भाच्यानं नंतर सेव्ह केलेल्या फायलींचा.

मूळ डिस्कवर काम करायचं नाही हा नियम आहे, आणि तो मी कुणासाठीही मोडत नाही. आधी प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची बाइट-न्-बाइट प्रत, काढायची. १५४१ ची डिस्क ३५ ट्रॅकची, म्हणजे एकाआत एक अशा ३५ वर्तुळांची, आणि प्रत्येक ट्रॅकचे तुकडे म्हणजे सेक्टर. बाहेरचा ट्रॅक लांब, म्हणून त्यावर जास्त सेक्टर: १ ते १७ वर प्रत्येकी २१, मग १९, मग १८ आणि सगळ्यात आत १७. एकूण ६८३ सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइट, म्हणजे पूर्ण डिस्क १,७४,८४८ बाइटमध्ये मावते. आजच्या काळात एका छोट्या फोटोलाही याहून जास्त जागा लागते. त्यामुळे इथे एक गोष्ट शक्य होते, जी आजच्या डिस्कवर अशक्य आहे: माणूस बसून अख्खी डिस्क वाचू शकतो. प्रत्येक सेक्टर, प्रत्येक बाइट. मी तेच करतो. आपोआप शोधणारी साधनं आहेत, ती उपयोगी आहेत, पण आधी स्वतः वाचल्याशिवाय त्यांच्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही.

डिरेक्टरी १८ व्या ट्रॅकवर, डिस्कच्या मधोमध, म्हणजे ड्राइव्हच्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्याला कुठूनही कमी अंतर पडावं. त्याच ट्रॅकच्या पहिल्या सेक्टरमध्ये कुठला सेक्टर भरलेला आणि कुठला मोकळा याचा नकाशा. फाइल नुसती स्क्रॅच झाली असती तर काम मिनिटांचं होतं. नाव डिरेक्टरीत तसंच राहतं, फक्त प्रकार सांगणारा बाइट शून्य होतो; तो पुन्हा १३० केला आणि नकाशा दुरुस्त केला की फाइल हजर. पण इथे नावापुढचा पत्ता आता भाच्याच्या दोन ओळींकडे बोट दाखवत होता. काकांचा प्रोग्रॅम डिस्कवर कुठेतरी होता, पण त्याच्याकडे जाणारी वाट पुसली गेली होती.

मग उलट्या दिशेनं जायचं ठरवलं. चंद्राच्या कला काढायच्या तर एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा सरासरी काळ लागणारच, म्हणजे २९.५३ दिवस आणि पुढचे काही दशांश. कमोडोरचं बेसिक ‘प्रिंट’ किंवा ‘गोटो’ सारखे शब्द एकेका बाइटमध्ये दाबून ठेवतं, ‘प्रिंट’ म्हणजे १५३ आणि ‘गोटो’ म्हणजे १३७. आकडे मात्र अक्षरं म्हणून जसेच्या तसे राहतात. म्हणून ५०, ५७, ४६, ५३, ५१ हे पाच बाइट ओळीनं शोधले. नकाशात मोकळा म्हणून नोंदलेल्या एका सेक्टरमध्ये ते सापडले. त्याच्या आसपास साइनची गणितं होती, आणि एक रेम ओळ, ज्यात काकांनी स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं की हे अजून नीट नाही, परत बघायचं. मित्र बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला.

तिथून साखळी दोन्हीकडे ओढता येते. १५४१ च्या प्रत्येक सेक्टरचे पहिले दोन बाइट पुढचा सेक्टर कुठे आहे ते सांगतात, आणि मजकुराला २५४ उरतात. पुढे जाणं सोपं. मागे जायचं तर सगळ्या डिस्कवर असा सेक्टर शोधायचा, ज्याचे पहिले दोन बाइट आपल्याकडे बोट दाखवतात. असं करत करत मागे गेलं की शेवटी असा सेक्टर येतो, ज्याच्याकडे कुणीच बोट दाखवत नाही. तीच सुरुवात. खात्री करायला आणखी एक खूण असते. बेसिक प्रोग्रॅमच्या पहिल्या सेक्टरमध्ये त्या दोन बाइटनंतर लगेच १ आणि ८ येतात: मेमरीतला सुरुवातीचा पत्ता, आठ गुणिले २५६ अधिक एक, म्हणजे २०४९. आमच्या सेक्टरमध्ये ते दोन्ही होते.

पुढच्या बाजूला मात्र साखळी तुटली. एका सेक्टरनं दाखवलेल्या जागी काकांचं काही नव्हतं, भाच्याचा नंतरचा एक छोटा प्रोग्रॅम होता. प्रोग्रॅम एका ओळीचा असला तरी ड्राइव्ह पूर्ण २५६ बाइटचा सेक्टर लिहितो, त्यामुळे तिथला जुना मजकूर संपूर्ण गेला, आणि त्याबरोबर पुढच्या सेक्टरचा पत्ताही.

इथून पुढचा भाग मला या सगळ्या कामात सर्वात जास्त आवडतो. ड्राइव्ह सेक्टर एकापुढे एक असे भरत नाही. एक सेक्टर वाचून कॉम्प्युटरकडे पाठवेपर्यंत डिस्क बरीच फिरलेली असते, म्हणून तो दहा-दहाच्या उड्या मारतो: ०, १०, २०, मग ८, १८, ६, १६ असं. रिकाम्या डिस्कवर सुरुवातीला लिहिलेल्या फायलींमध्ये हा क्रम स्वच्छ दिसतो. त्यामुळे तुटलेल्या जागेनंतर कुठला सेक्टर आला असावा याचा पक्का अंदाज बांधता येतो. आणि कुणीही बोट न दाखवलेला, अनाथ असा दुसरा तुकडा नेमका तिथेच सापडला. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा बेसिकनंच दिला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पुढच्या ओळीचा मेमरीतला पत्ता असतो हे वर आलंच आहे. तो पत्ता फाइलबरोबर डिस्कवरही लिहिला जातो. म्हणजे प्रोग्रॅमचा कुठलाही फाटका तुकडा हातात आला, तरी त्यातल्या एका पूर्ण ओळीवरून तो मुळात सुरुवातीपासून किती बाइटवर होता हे मोजता येतं. आम्ही मोजलं. पहिला तुकडा जिथे संपत होता आणि दुसरा जिथे सुरू होत होता, त्यांच्यामध्ये बरोबर २५४ बाइटची फट आली. एक सेक्टर. ना कमी, ना जास्त.

हे जुळलं तेव्हा झालेला आनंद मी कसा सांगू? प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं हे पत्ते आपल्यासाठी ठेवले नव्हते, बेसिक लिहिणाऱ्यांनीही नाही. ओळी भराभर शोधता याव्यात एवढाच त्यांचा हेतू. तरी त्या पत्त्यांमुळे प्रत्येक ओळ स्वतःची जागा स्वतःबरोबर घेऊन हिंडते.

उरलेल्या भागात दोन ठिकाणी ‘गोसब ५००’ आहे. म्हणजे ५०० क्रमांकाची ओळ होती, तिथून एक छोटी सबरूटीन, म्हणजे हवी तेव्हा बोलावता येणारी काही ओळींची तुकडी, सुरू होत होती, आणि ती आता नाही. गोसबच्या आधी कुठले चल भरले जातात आणि नंतर कुठले वापरले जातात यावरून तिचं कामही कळतं: चंद्राच्या उजळलेल्या भागाची आतली, वाकडी कड काढणं. मित्र म्हणाला, “मग तूच लिहून टाक ना ती. प्रोग्रॅम चालला पाहिजे, बस.” त्याचं म्हणणं मला समजत होतं. त्याला चंद्र पुन्हा पडद्यावर पाहायचा होता.

मी ती सबरूटीन लिहिली, पण वेगळ्या फाइलमध्ये. काकांच्या प्रोग्रॅमची मूळ फाइल फटीसकट ठेवली, आणि फट कुठून कुठपर्यंत आहे ते सोबतच्या टिपणात नोंदवलं. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक क्षेपक ओळखायला आयुष्य घालवतात, कारण मधल्या कुणीतरी चांगल्या हेतूनंच स्वतःच्या ओळी मूळ मजकुरात घातलेल्या असतात आणि तसं कुठेही सांगितलेलं नसतं. आपण आज तेच करायचं का? उद्या कुणी ही फाइल उघडली तर काकांनी वाकडी कड कशी काढली हे त्याला माझ्या ओळींवरून कळेल असं वाटेल, आणि ते खोटं असेल. त्यांनी कदाचित वर्तुळाऐवजी ठिपक्यांनी काढली असेल, कदाचित तक्ता वापरला असेल. ते २५४ बाइट त्यांचे होते. तिथे रिकामं दिसलं तर ते रिकामंच खरं आहे. मित्राला हे लगेच पटलं नाही. दोन फायली शेजारीशेजारी पाहिल्यावर पटलं.

प्रत्येक यंत्राचा विसरण्याचा स्वभाव वेगळा, आणि तो त्याच्या रचनेतूनच येतो. ॲपल टू च्या डॉस ३.३ या डिस्क व्यवस्थेत त्याच नावानं पुन्हा सेव्ह केलं तर जुन्याच सेक्टरांवर नवा मजकूर बसतो. इथे ‘ॲट’सारखी सवलत नाही, सुरुवात गेलीच. पण नवी फाइल छोटी असेल तर उरलेले सेक्टर फाइलच्याच नावावर राहतात आणि त्यांत जुन्या फाइलची शेपटी शाबूत असते. फाइल नुसती डिलीट केली असेल तर डॉस ३.३ एक विलक्षण गोष्ट करतं: पहिल्या ट्रॅकचा आकडा उचलून तो नावाच्या शेवटच्या अक्षराच्या जागी ठेवतं आणि मूळ जागी २५५ लिहितं. म्हणजे पुसतानाच परत आणायची किल्ली तिथेच ठेवून जातं.

सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पुसलेल्या फाइलच्या नोंदीचा पहिला बाइट २२९ होतो. हाच आकडा का, तर त्या काळी आठ इंची फ्लॉपी कारखान्यातून फॉरमॅट होऊन यायच्या तेव्हा त्यांत सगळीकडे २२९ भरलेलं असायचं. कोरी डिस्क आपोआप रिकामी डिरेक्टरी ठरावी म्हणून २२९ म्हणजे ‘इथे काही नाही’. तीच खूण पुढे एमएस-डॉसमध्ये गेली. ॲमस्ट्रॅड सीपीसी या होम कॉम्प्युटरची डिस्क व्यवस्था ॲम्सडॉस याच घराण्यातली, आणि तिची एक सवय मला सगळ्यांत शहाणी वाटते. त्याच नावानं फाइल सेव्ह केली तर ती जुन्या फाइलला पुसत नाही. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावानं पूर्ण लिहिते, मग जुनीला ‘बॅक’ हे आडनाव देऊन बाजूला ठेवते. सीपीसी वर चूक एकदा झाली तर काही बिघडत नाही. दुसऱ्यांदा सेव्ह केलं तरच खरी अडचण.

अमिगा या कॉम्प्युटरबद्दल माझं ठाम मत आहे. तिची पहिली, जुनी फाइल व्यवस्था ५१२ बाइटच्या प्रत्येक ब्लॉकमधले २४ बाइट स्वतःसाठी ठेवायची: हा ब्लॉक कुठल्या फाइलचा, कितवा, पुढचा कुठे, आणि मजकूर बिघडला नाही ना हे तपासायची बेरीज किती. मजकुराला ४८८ उरायचे. नंतर फास्ट फाइल सिस्टीम आली, तिनं ते २४ बाइट काढून टाकले आणि वेग वाढवला. वेगाची गरज खरी होती, मला मान्य आहे. पण जुन्या व्यवस्थेत डिरेक्टरी पूर्ण नष्ट झाली तरी प्रत्येक ब्लॉक आपलं नाव-गाव सांगू शकत असे, आणि डेव्ह हेनी यांच्या डिस्कसाल्व्हसारखी साधनं त्यावरून फाइल पुन्हा उभी करू शकत. मला निवडायला सांगितलं तर फ्लॉपीसाठी मी आजही ते २४ बाइट देईन.

आणि खरंच वर लिहिलं गेलं असेल तर? त्याच सेक्टरवर, त्याच ड्राइव्हनं, नीट जुळलेल्या डोक्यानं? मग ते गेलं. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण आशेच्या भरात लोक नको ते करतात. फ्लॉपीच्या डोक्यात लिहिणाऱ्या भागामागे कडा पुसणारा भाग असतो, शेजारच्या ट्रॅकमध्ये काही सांडू नये म्हणून, आणि तो जुन्या मजकुराच्या कडाही साफ करतो. अपवाद एवढाच, की नवं लेखन वेगळ्या ड्राइव्हवर झालेलं असेल. १.२ एमबी चा ड्राइव्ह जुन्या ३६० केबी च्या फ्लॉपीवर लिहितो तेव्हा त्याचं डोकं अरुंद असतं. नवा ट्रॅक मधून जातो आणि जुन्याच्या कडा दोन्ही बाजूंना उरतात. त्या काळी ही डोकेदुखी होती, मूळ ड्राइव्हवर ती डिस्क मग बऱ्याचदा वाचताच यायची नाही. आज ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्स यांसारखी उपकरणं सेक्टरऐवजी डिस्कवरचे चुंबकीय बदल आणि त्यांच्यामधला वेळ जसाच्या तसा टिपतात. बाइट कुठले याचा निकाल नंतर, निवांतपणे, पुन्हा पुन्हा लावता येतो. म्हणून मी आता शक्य तिथे आधी अशीच प्रत काढतो. कच्ची प्रत हातात असेल तर उद्याच्या चांगल्या साधनालाही संधी राहते.

अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये अमिगावर काढलेली चित्रं २०१४ साली अशाच सावध कामातून बाहेर आली. पिट्सबर्गमधल्या त्यांच्या संग्रहालयात फ्लॉपी होत्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबनं त्यांच्या प्रती काढल्या, आणि फाइलचा प्रकार अनोळखी निघाला तेव्हा तो प्रकारही उलगडला. त्यांच्यापुढे पुसलेल्या फायलींचा प्रश्न नव्हता. पण आधी प्रत, मग समज, आणि मूळ डिस्कला धक्का नाही, हा क्रम तोच.

काकांची ती फट भरायची एक शक्यता अजून बाकी आहे. ड्राइव्ह घ्यायच्या आधी ते कॅसेटवर काम करत, आणि मित्राला एका डब्यात चंद्र असं लिहिलेली टेप सापडली आहे. तिच्या सुरुवातीला दुसराच छोटा प्रोग्रॅम रेकॉर्ड केलेला आहे, म्हणजे चंद्राच्या प्रोग्रॅमचं डोकं गेलं. तरी मला आशा वाटते, कारण कमोडोर टेपवर सगळं दोनदा लिहितो, एका प्रतीत काही चुकलं तर दुसरीवरून दुरुस्त करता यावं म्हणून. स्पेक्ट्रमच्या टेपवर असं नाही. तिथे एक लांब ब्लॉक आणि शेवटी तपासणीचा एक बाइट. बीबीसी मायक्रो २५६ बाइटचे छोटे ब्लॉक करते आणि प्रत्येकावर नाव आणि क्रमांक घालते, त्यामुळे मधूनच सुरू झालेली टेपही वाचता येते. कमोडोरच्या टेपवर पहिल्या प्रतीआधी १३७ पासून १२९ पर्यंत उलटे आकडे येतात आणि दुसऱ्या प्रतीआधी ९ पासून १ पर्यंत. टेपचा आवाज रेकॉर्ड करून त्यातले लांब-आखूड ठोके वेगळे केले, की सापडलेला तुकडा कुठल्या प्रतीचा ते या आकड्यांवरून कळतं. वरच्या रेकॉर्डिंगच्या लांबीवरून पाहिलं तर दुसरी प्रत वाचलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

टेप अजून वाचलेली नाही. आधी तिची फिरकी मोकळी करायची आहे, डेकचं डोकं साफ करून त्याचा कोन त्या रेकॉर्डिंगशी जुळवायचा आहे. टेपवरचा प्रोग्रॅम डिस्कवरच्याहून आधीचा असणार, त्यामुळे त्यातली ५०० वी ओळ तीच असेल असं नाही. ओळींचे पत्ते जुळतात का ते आधी तपासायचं. नाही जुळले, तर टेपवरचा प्रोग्रॅम टेपवरचा म्हणून आणि डिस्कवरचा डिस्कवरचा म्हणून, दोन्ही वेगळे ठेवायचे आणि एकातून दुसऱ्यात काही न्यायचं नाही, असं मित्राचं आणि माझं ठरलं आहे.